अज्ञान बाप

इतिहासाच्या पुस्तकातल्या जन्मतारखा आपण सहसा ओलांडून पुढे जातो. लढाई कधी झाली, तह कधी झाला, गादीवर कोण कधी बसले, एवढेच लक्षात ठेवायची सवय आपल्याला शाळेने लावलेली असते. पण कधी कधी दोन जन्मतारखा शेजारी ठेवून नुसती वजाबाकी केली, तरी एखादी गोष्ट समोर उभी राहते. इंदूरच्या होळकर घराण्यातल्या अशाच दोन तारखा आहेत. तुकोजीराव होळकर तिसरे यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९० चा. त्यांचे पुत्र यशवंतराव होळकर दुसरे यांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. वजाबाकी करा. मुलगा झाला तेव्हा बापाचे वय सतरा वर्षे नऊ महिने!

आज सतरा वर्षे नऊ महिन्यांचा मुलगा म्हणजे बारावीचा विद्यार्थी. त्याला मत देता येत नाही, गाडी चालवण्याचा पक्का परवाना मिळत नाही, करारावर केलेल्या त्याच्या सहीला कायद्यात किंमत नसते. आपल्या मराठी कायद्याच्या भाषेत अशा मुलाला एक शब्द आहे: ‘अज्ञान’. अठरा पुरी झाली की ‘सज्ञान’. महाराष्ट्रात सातबाराच्या जुन्या उताऱ्यांवर ‘अ. पा. क.’ अशी तीन अक्षरे दिसतात. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अज्ञान मुलाच्या वतीने जमीन सांभाळणारा माणूस. या शब्दाची मला नेहमी गंमत वाटत आली आहे. सतराव्या वर्षी माणूस अज्ञान, आणि वाढदिवसाच्या सकाळी उठला की सज्ञान! पण तुकोजीरावांची तारीख पाहिली आणि गंमत संपली. अज्ञान असतानाच जो बाप झाला, त्याला काय म्हणायचे? आणि त्याच्या मुलाचा पालनकर्ता कोण?

हा प्रश्न घेऊन कृष्णपुऱ्याकडे पाहण्यासारखे आहे. इंदूरच्या राजवाड्यापासून चालत काही मिनिटांवर, खान नदीच्या काठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत. होळकरांच्या मराठी दगडी कामाचा हा देखणा नमुना. चौथऱ्यांवर शिपाई, दरबारी, वादक यांच्या मूर्ती कोरलेल्या, खांबांच्या ओळी, वर शिखरे. आम्हा गोवेकरांना नदीकाठ म्हटला की मांडवी आठवते, ती भरती-ओहोटीने रोज स्वतःला धुऊन घेणारी. खान नदी तशी नाही. शहराच्या पोटातून निमूट वाहणारा तो एक अरुंद प्रवाह आहे. मी तिथे होतो तेव्हा शेजारच्या बाजाराचा गलका चालू होता आणि छत्र्यांच्या पायऱ्यांवर कॉलेजची पोरे गप्पा मारत बसली होती. सोळा-सतरा वर्षांची. या लेखाचा विषय माझ्या डोक्यात पक्का झाला तो त्या पोरांकडे बघताना.

इथे तीन छत्र्या प्रमुख आहेत. एक कृष्णाबाई होळकरांची, जिच्या नावाने हा भाग ओळखला जातो. दुसरी तुकोजीराव दुसरे यांची आणि तिसरी शिवाजीराव होळकरांची. आजी, मानलेला नातू आणि त्याचा मुलगा असे हे त्रिकूट. या तिघांच्या कथा एकापुढे एक ठेवल्या, तर इंदूरच्या गादीवर मुले का बसत राहिली आणि गादीवरच्या मुलांना बाप व्हायची एवढी घाई का करावी लागली, हे उलगडत जाते.

पहिल्यांदा कृष्णाबाई. यशवंतराव होळकर पहिले २८ ऑक्टोबर १८११ रोजी भानपुऱ्याला वारले. इंग्रजांना दमवणारा हा सेनानी गेला तेव्हा त्याचा मुलगा मल्हारराव जेमतेम पाच वर्षांचा होता. कृष्णाबाई ही त्या मुलाची आई. कारभार आधी तुळसाबाईच्या हाती होता. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईच्या तोंडावर तिला मारण्यात आले. लढाईत होळकरांचा पराभव झाला, ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला आणि राजधानी इंदूरला आली. तहावर ज्याच्या नावाने शिक्के उठले, तो राजा अकरा-बारा वर्षांचा पोरगा होता. हा मल्हारराव १८३३ मध्ये वारला, तोही पोटी मूल नसताना, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा असताना. त्यानंतर दत्तक आले, दत्तकांवरून भांडणे आली. १८४४ मध्ये खंडेराव दुसरा कोवळ्या वयातच गेला. मग कृष्णाबाई हयात असतानाच, ब्रिटिश रेसिडेंटच्या संमतीने भाऊ होळकरांचा नऊ वर्षांचा मुलगा गादीवर आणला गेला. तोच तुकोजीराव दुसरा. सासर, नवरा, मुलगा, राज्य असे सगळे हातातून निसटताना पाहिलेली ही बाई १८४९ मध्ये वारली.

एक मूल गेले की दुसरे आणायचे, आणि तेही लहानच. त्या काळी वारस नसणे म्हणजे काय, हे मराठी संस्थानांना सांगावे लागत नव्हते. १८४८ मध्ये सातारा खालसा झाले. पाठोपाठ झाशी गेली, नागपूर गेले. गादीला औरस मुलगा नाही एवढे निमित्त कंपनी सरकारला पुरत होते. १८५७ च्या उठावानंतर धोरण बदलले आणि संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. पण पोटात शिरलेली भीती सनदेने थोडीच जाते? राजपुत्राचे लग्न लवकर लावायचे, मुलगा लवकर झालेला पाहायचा, ही राजघराण्यांची रीत त्या भीतीने आणखी घट्ट केली. सामान्य घरांत तीच रीत होती, फक्त कारणे वेगळी. तिथे जातीचा दबाव, म्हाताऱ्यांना नातवंड पाहून डोळे मिटायची इच्छा आणि ‘एकदाचे उरकून टाकू’ ही वृत्ती असे. परिणाम मात्र दोन्हीकडे सारखाच. मिसरूड फुटण्याच्या आत मुलगा नवरा, आणि मिसरूड फुटते न फुटते तोच बाप.

आता तिसरी छत्री पाहू. शिवाजीराव १८८६ मध्ये गादीवर आले. लहरी कारभारामुळे त्यांचे आणि ब्रिटिशांचे जमले नाही. ३१ जानेवारी १९०३ रोजी त्यांनी गादी सोडली आणि ती आली त्यांच्या मुलाकडे, बारा वर्षांच्या तुकोजीराव तिसऱ्यांकडे. राजा अज्ञान म्हणून कारभार रीजन्सी कौन्सिलच्या हाती गेला. हा राजा सज्ञान ठरून त्याला पूर्ण अधिकार मिळाले १९११ मध्ये. मधल्या आठ वर्षांत त्याच्या राज्यातला पैसा, नेमणुका, कज्जे, सगळे दुसरेच पाहत होते. आणि याच आठ वर्षांत, सप्टेंबर १९०८ मध्ये, त्याला चंद्रावतीबाईंपासून मुलगा झाला.

म्हणजे पाहा, ज्या मुलाची सही राज्याच्या कागदावर चालत नव्हती, त्याच्यावर सगळ्यांत मोठी मानवी जबाबदारी येऊन पडली होती. पण खरेच पडली होती का? माझे म्हणणे इथेच आहे. ती त्याच्यावर पडलीच नव्हती. राजपुत्र जन्मला तो संस्थानाला. त्याला पाजायला, निजवायला, शिकवायला माणसे होती. त्याच्या खर्चाचा हिशेब कौन्सिलकडे होता, त्याच्या भवितव्याचा विचार रेसिडेन्सीत होत होता. सतरा वर्षांच्या बापाने काय करायचे होते? काहीच नाही. त्याला कोणी काही विचारले नाही, कोणी काही शिकवले नाही. मुलगा झाला म्हणून अभिनंदन तेवढे झाले असेल. पाच आठवड्यांनी, १३ ऑक्टोबर १९०८ रोजी, शिवाजीराव वारले. नातवाचा जन्म आणि आजोबांचा मृत्यू यांच्या मध्ये तो सतरा वर्षांचा मुलगा उभा होता. एकाच ऋतूत बाप झालेला, आणि बाप गमावलेला.

राजवाड्यातली ही गोष्ट अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. त्याच काळात, त्याच परिसरात जन्मलेला दुसरा एक मुलगा पाहा. इंदूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर महू ही लष्करी छावणी. तिथे १४ एप्रिल १८९१ रोजी सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी भीमराव जन्मले. तुकोजीरावांहून पाच महिन्यांनीसुद्धा लहान नाहीत! भीमरावांचे लग्न १९०६ मध्ये मुंबईत झाले तेव्हा ते पंधरा वर्षांचे आणि रमाबाई नऊ वर्षांच्या आसपास. रीत तीच. राजाला चुकली नाही, अस्पृश्य मानल्या गेलेल्या सुभेदारालाही चुकली नाही. पण भीमरावांचा पहिला मुलगा यशवंत जन्मला तो १२ डिसेंबर १९१२ रोजी, बाप एकवीस वर्षांचा आणि पदवीची परीक्षा देऊन मोकळा झालेला असताना. दोनच महिन्यांत रामजी वारले. पुढच्याच जुलैत आंबेडकर न्यूयॉर्कला शिकायला गेले आणि इथे रमाबाईंनी घर कसे ओढले, ते महाराष्ट्राला ठाऊक आहे.

आंबेडकरांची पाच मुले झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न १९२६ मध्ये गेला. त्या दुःखात त्यांनी दत्तोबा पवारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. एरवी कायद्याच्या आणि आकड्यांच्या भाषेत बोलणारा हा माणूस त्या पत्रात फक्त बाप आहे. आणि याच १९२६ सालात, वयाच्या त्याच पस्तिसाव्या वर्षी, तुकोजीराव होळकरांनी गादी सोडली. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला होता आणि त्याचे धागेदोरे इंदूर दरबाराकडे जात होते. चौकशी आयोगाला सामोरे जायचे की गादी सोडायची, असा पर्याय समोर आला आणि २६ फेब्रुवारी १९२६ रोजी तुकोजीरावांनी मुलाच्या नावे गादी सोडली. मुलगा यशवंतराव तेव्हा किती वर्षांचा होता? सतरा!

बापाला सतराव्या वर्षी मुलगा मिळाला आणि मुलाला सतराव्या वर्षी बापाची सोडलेली गादी मिळाली. पुन्हा राजा अज्ञान, पुन्हा कौन्सिल, पुन्हा १९३० पर्यंत अधिकारांची वाट. शिवाजीरावांनी बारा वर्षांच्या मुलाकडे दिले ते तुकोजीरावांनी सतरा वर्षांच्या मुलाकडे दिले. गादीबरोबर गादीचे ओझेही देऊन टाकले. तुकोजीराव राजा म्हणून अगदीच वाईट होते असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्या राज्यात १९१८ मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदा झाला, मुलग्याचे किमान वय चौदा आणि मुलीचे बारा ठरले. ब्रिटिश हिंदुस्थानात शारदा कायदा यायला तेव्हा अकरा वर्षे बाकी होती. सतराव्या वर्षी बाप झालेल्या राजाच्या राज्यात असा कायदा व्हावा, याची नोंद घेतली पाहिजे. पण त्यातला चौदा हा आकडा पाहा. चौदाव्या वर्षी नवरा व्हायला हरकत नाही, असे सांगणारा तो सुधारणेचा कायदा होता! १९२४ मध्ये यशवंतरावांचे लग्न कागलच्या संयोगितादेवींशी झाले तेव्हा वर पंधरा वर्षांचा होता, वधू त्याहून लहान.

तुलनेसाठी सांगतो, पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आल्यावर २५ डिसेंबर १९१० च्या विवाह कायद्यात मुलग्याचे वय अठरा आणि मुलीचे सोळा ठेवले गेले, आणि तो कायदा आमच्या गोव्यातही आला. कागदावरचे वय आणि माजघरातले वय वेगळे असते, हे गोव्यातल्या जुन्या घरांतून वाढलेल्यांना वेगळे सांगायला नको. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलग्याला अठरा आणि मुलीला चौदा केले. १९७८ मध्ये ते एकवीस आणि अठरा झाले. पाऊणशे वर्षे आपण हा आकडा वाढवत आलो. मुलगा कितव्या वर्षी बाप व्हावा याची चर्चा भरपूर झाली. झालाच, तर त्याने काय करावे, ही चर्चा मात्र राहून गेली.

साहित्याकडे वळलो की हेच दिसते. बालविवाहात भरडलेल्या मुलीची कथा मराठीने सांगितली, आणि मनापासून सांगितली. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये येऊ लागली आणि यमूच्या तोंडून मराठी घराचे माजघर बोलू लागले. रमाबाई रानड्यांनी १९१० मध्ये आठवणी लिहिल्या, लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. या बायकांनी स्वतःला प्रश्न विचारले, नवऱ्यांनाही विचारले. पण त्यांच्या पलीकडे उभा असलेला जो मुलगा, पंधरा-सोळा वर्षांचा, गोंधळलेला, कधी मग्रूर, कधी घाबरलेला, त्याला कोणी बोलते केले? किशोरांसाठी आपण जी पुस्तके लिहिली त्यांत मुलगा हा कायम कुणाचा तरी मुलगाच असतो. साने गुरुजींचा श्याम हा मराठीतला सगळ्यांत लाडका मुलगा, आणि त्याची सारी थोरवी मुलगा असण्यात आहे. गोट्या, फास्टर फेणे हे हुशार, धाडसी, परोपकारी. मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’ने २००४ मध्ये नववीतल्या मुलाच्या मनातले पहिले प्रेम फार नितळपणे मांडले. पण मराठी किशोर साहित्य त्या उंबरठ्याच्या पुढे क्वचितच गेले.

ज्याने हे लिहिले असा एक मोठा माणूस मात्र आहे. महात्मा गांधी. १९१८ मध्ये, म्हणजे इंदूरमध्ये तो बालविवाहाचा कायदा झाला त्याच वर्षी, हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते इंदूरला आले होते. त्यांचे लग्न तेराव्या वर्षी झाले. सोळाव्या वर्षी, १८८५ मध्ये, त्यांचे वडील मरणशय्येवर असताना ते कस्तुरबांच्या खोलीत होते आणि ती घटका आयुष्यभर त्यांच्या मनाला डाचत राहिली. त्यावरचे आत्मकथेतले प्रकरण जगभर वाचले गेले. कस्तुरबा तेव्हा गरोदर होत्या. ते बाळ जन्मून तीन-चार दिवसांतच गेले. पण ते प्रकरण नीट वाचले की एक गोष्ट ध्यानात येते. त्यातला सारा पश्चात्ताप मुलाचा बापाविषयी आहे. बाळाच्या वाट्याला शेवटच्या दोन-तीन ओळी येतात. इतक्या निर्भयपणे स्वतःला तपासणाऱ्या माणसालाही सोळाव्या वर्षीचा आपण मुलगा म्हणूनच आठवतो, बाप म्हणून नाही. यात गांधींना दोष देण्याचे कारण नाही. त्या वयात ‘तू बाप आहेस’ असे त्यांना कोणी सांगितलेच नसणार. हरिलालचा जन्म १८८८ चा, गांधी तेव्हा अठरा वर्षांचे. त्याच वर्षी ते विलायतेला गेले. पुढे या बाप-लेकांत जो दुरावा आला, त्यावर नाटके आणि चित्रपट निघाले.

सांगणारे अगदीच नव्हते असे नाही. धोंडो केशव कर्व्यांचे लग्न पंधराव्या वर्षी झाले होते. त्यांच्या पहिल्या मुलाने, रघुनाथ धोंडो कर्व्यांनी, १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. मूल हे नशिबाने होत नाही, दोन माणसांच्या निर्णयाने होते, एवढी साधी गोष्ट सांगण्याची ती शिक्षा! आणि १९४२ च्या जुलैत नागपूरच्या महिला परिषदेत डॉ. आंबेडकरांनी बायांना सांगितले की मुलांच्या लग्नांची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे, ती पेलण्याची आर्थिक ताकद येईपर्यंत ती मुलांवर लादू नका. पंधराव्या वर्षी ज्याच्या डोक्याला बाशिंग बांधले गेले, आणि ज्याने चार मुलांना मूठमाती दिली, तो बाप हे बोलत होता. त्या भाषणातला ‘जबाबदारी’ हा शब्द म्हणूनच मला फार वजनाचा वाटतो.

हे सारे जुने झाले, आता कुठे असे होते, असे कोणी म्हणेल. आकडे तसे म्हणत नाहीत. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, देशातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २३.३ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झाली होती. पंचवीस ते एकोणतीस वयाच्या पुरुषांपैकी १७.७ टक्के पुरुषांची लग्ने एकविसाच्या आत झाली होती. पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ६.८ टक्के मुली पाहणीच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. या पाहणीच्या गोषवाऱ्यात मुलींसाठी हा आकडा स्वतंत्र ओळीत असतो. त्याच वयाच्या मुलांपैकी किती बाप झाले, अशी ओळ तिथे नाही. मोजदादीतही तो मुलगा दिसत नाही.

कायद्यात तो दिसतो, पण कसा? २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने असा विवाह रद्द करून घेण्याची सोय केली, त्या विवाहातली मुले औरस ठरवली, मुलीच्या पोटगीची तजवीज केली. ही चांगलीच गोष्ट झाली. पण नवरा मुलगा स्वतः अज्ञान असेल तर ती पोटगी कोणी द्यायची? कायदा म्हणतो, त्याच्या आईबापांनी किंवा पालकांनी. ते योग्यही आहे, दुसरे कोण देणार? तरीसुद्धा हे कलम वाचताना मला १९०८ चे इंदूर आठवले. तेव्हा रीजन्सी कौन्सिल होते, आता आईबाप आहेत. लग्नाविना संबंध आला असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली तोच मुलगा आरोपी होतो आणि बालन्याय मंडळापुढे उभा राहतो. कुणाचा तरी मुलगा किंवा आरोपी, या दोन रूपांत कायदा त्याला ओळखतो. अल्पवयीन मुलींचे शोषण होते, ते बहुतेकदा वयाने मोठ्या पुरुषांकडून होते, आणि तिथे कायद्याने कठोरच असले पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मी बोलतो आहे ते दोघेही त्याच वयाचे असतात त्या घरांविषयी. तिथे मुलीला मामाकडे धाडतात, मुलाला दुसऱ्या गावच्या कॉलेजात घालतात. दोन्ही घरे मिटवून टाकतात. मुलीच्या अंगावर ती गोष्ट उरते. मुलाला ‘विसर आता, अभ्यासाला लाग’ असे सांगितले जाते, आणि यालाच आपण त्याला वाचवणे म्हणतो.

२०१३ च्या ‘बालक-पालक’ या चित्रपटात हेच चित्र आहे. चाळीतली एक ताई अचानक निघून जाते, तिने ‘शेण खाल्ले’ एवढेच पोरांच्या कानावर पडते, आणि त्या शब्दाचा अर्थ शोधत पोरे भलतीकडे पोहोचतात. रवी जाधवांनी विषय हलक्या हाताने, पण प्रामाणिकपणे हाताळला. पण शेण खाल्ले ते तिने. त्यात दुसरे कोणी होते की नाही, हे चाळ बोलत नाही. चाळीचे ते मौन चित्रपटाने बरोबर पकडले आहे.

इंग्रजीत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्या दुसऱ्या कुणाला बोलते करणारी पुस्तके आली, आणि ती त्याच वयाच्या मुलांसाठी लिहिलेली आहेत. बर्ली डोहर्टी यांच्या ‘डिअर नोबडी’त (१९९१) शेफील्डचा ख्रिस, हेलनने न जन्मलेल्या बाळाला लिहिलेली पत्रे वाचत आपली बाजू सांगतो. अँजेला जॉन्सन यांच्या ‘द फर्स्ट पार्ट लास्ट’मध्ये (२००३) न्यूयॉर्कचा सोळा वर्षांचा बॉबी तान्ह्या मुलीला एकट्याने सांभाळतो. रात्री जागतो, शाळेत झोपतो, आईच्या कुशीत शिरावेसे वाटते आणि कुशीत तर त्याचीच मुलगी असते. निक हॉर्नबींच्या ‘स्लॅम’मध्ये (२००७) सॅम हा स्केटबोर्डवाला पोरगा आधी पळून जातो, मग परत येतो. ही पुस्तके मुलांना भीती घालत नाहीत आणि त्या वयात बाप होणे कौतुकाचे आहे असेही म्हणत नाहीत. त्यांत मूल रडते, दूध आणावे लागते, परीक्षा बुडते, मैत्रिणीचा चेहरा आठवून झोप लागत नाही. वाचणारा मुलगा एका बैठकीत ते सारे जगून घेतो आणि पुस्तक मिटून पुन्हा सोळा वर्षांचा होतो. हे काम उपदेशाने होत नाही, आणि शाळेतल्या शरीरशास्त्राच्या धड्याने तर नाहीच नाही.

असे पुस्तक मराठीत लिहिले जायचे असेल, तर त्याला परक्या मुलखातला कथाविषय उसना आणण्याची गरज नाही. आपल्याकडे तो भरपूर आहे. आपल्या कितीतरी पणजोबांनी सोळाव्या-सतराव्या वर्षी मुले पाहिली आणि वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या मुलाला उचलूनही घेतले नाही, कारण ती त्या काळी निर्लज्जपणाची खूण होती. एकत्र कुटुंबात मूल घराचे असे. यात एक ऊब होती, हे मान्य. आई नसलेली पोरेही काकू-आत्यांच्या हाताखाली मोठी झाली. पण त्याच उबेत बाप नावाचा मुलगा बाप न होताच म्हातारा झाला. मुलाशी बोलायचे कसे, हे त्याला कधी कळले नाही. त्या मुलालाही पुढे कळले नाही. आपल्या घरांतल्या बापलेकांच्या अबोल्याचा इतिहास लिहायला घेतला, तर त्याचे एक मूळ इथे सापडेल असे मला वाटते.

होळकरांच्या घरी ही साखळी यशवंतरावांपाशी तुटली. त्यांना पहिले अपत्य झाले ते १९३३ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, आणि ती मुलगी होती, उषादेवी. १९६१ मध्ये यशवंतराव वारले तेव्हा वारसा तिच्याकडे गेला. ज्या घराण्याने मुलगा नाही म्हणून शतकभर धास्ती बाळगली, त्याचा वारसा मुलीने चालवला. आणि तुकोजीराव? ते दूर पॅरिसमध्ये १९७८ पर्यंत जगले. सतराव्या वर्षी झालेल्या मुलाच्या मागे ते सोळा वर्षे होते. वयात अंतर एवढे थोडे असले की असेही होऊ शकते.

‘जबाबदार’ हा शब्द आपण फारसीतून घेतला. ज्याला जबाब द्यायचा आहे तो जबाबदार. पण जबाब द्यायला आधी कोणी तरी सवाल करावा लागतो. इंदूरच्या त्या मुलाला कौन्सिलने, रेसिडेंटने, राजवाड्याने तो केला नाही. आपल्या पणजोबांना आजे-पणज्यांनी केला नाही. आजच्या मुलाला आईबाप, शाळा, कायदा यांपैकी कोणी करत नाही. तुझ्यामुळे एक जीव येऊ शकतो, आला तर तू काय करशील? एवढाच तो सवाल आहे. तो सोळाव्या वर्षी, वेळ येण्याच्या आधी, विचारला गेला पाहिजे. घरात आपण तो विचारायला लाजतो. म्हणून तर गोष्टीची पुस्तके लागतात. कुणी तरुण मराठी लेखक हा विषय घेईल तर मी त्या पुस्तकाची वाट पाहतो आहे.